किटली आणि घमेलं

टेक्सासमध्ये कुणी थंडीसाठी राहायला येत नाही. ऑस्टिनमधली घरं बांधली आहेत ती उन्हाळ्याशी भांडायला. पाण्याचे पाइप माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून बिनधास्त गेलेले, एसीचं यंत्र घराच्या मानाने अवाढव्य, आणि हिवाळा म्हणजे स्वेटर घालून फोटो काढून घेण्यापुरता. अशा गावात मागच्या अंगणात चार कोंबड्या पाळताना आम्ही विचार केला तो उन्हाचा, रकूनचा आणि शेजाऱ्यांचा. आईने मात्र व्हिडिओ कॉलवर खुराडं बघताक्षणी विचारलं होतं, "अगं, आणि थंडीत काय करशील यांचं?" आईचं माहेर निफाडजवळचं. महाराष्ट्रात थंडी पडली की पेपरात निफाडचं नाव हटकून येतं, त्यामुळे थंडी या विषयावर बोलण्याचा हक्क माहेरून चालत आलेला आहे असं ती मानते.

फेब्रुवारी २०२१मध्ये तो विषय आमच्या अंगणात उतरला. ध्रुवाकडची हवा घसरत घसरत थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत आली. १६ तारखेला डॅलसचा पारा उणे १९ अंश सेल्सिअसवर गेला, आमच्याकडे उणे १४च्या आसपास, आणि त्याआधी एका रात्रीत सहा इंचांच्या वर बर्फ पडला. अलास्कातल्या माणसाला यात सांगण्याजोगं काही दिसणार नाही. पण अलास्कातल्या माणसाकडे बर्फ ओढायचं फावडं असतं. आमच्याकडे नारळाच्या हिरांची केरसुणी होती.

कोंबडी ही मूळची आग्नेय आशियातल्या रानातली. म्हणजे खरं तर तीही आमच्यासारखीच, उष्ण मुलखातून येऊन इथे स्थायिक झालेली. पण तिने येताना पुरेसं पांघरूण बरोबर आणलेलं आहे. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आगेमागे असतं, म्हणजे आपल्याला ज्या तापात डॉक्टर गाठावा लागतो त्या तापात ती रोज हिंडते. थंडी वाजली की ती पिसं फुलवते, पिसांत हवा अडकते आणि ती हवा ऊब धरते. रात्री दांडीवर बसते ती पोटाची पिसं नख्यांवर ओढून घेऊन. म्हणून गोल दांडीपेक्षा चपटी फळी बरी, पाय पूर्ण झाकले जातात. इंग्लंडात काही प्रेमळ लोकांनी कोंबड्यांसाठी लोकरीचे स्वेटर विणले होते. दिसायला गोड, पण स्वेटर घातला की पिसं फुलत नाहीत, आणि भिजला की ओली लोकर अंगाला चिकटते. आपल्याला जे हवंसं वाटतं तेच समोरच्याला द्यायचं, ही खोड पाहुणचारापुरती ठीक आहे.

खुराडं गरम करायची गरज नाही, फटी बुजवायच्या नाहीत, उलट वरच्या बाजूला हवा खेळती ठेवायची, हे सगळं माझ्या वाचनात होतं. कोंबड्यांच्या श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभर ओल सुटते. ती कोंडली की तुऱ्यावर बसते, आणि ओला तुरा गोठून काळा पडतो. लाल दिवा लावून खुराडं उबदार करण्याच्या नादात अमेरिकेत दर हिवाळ्यात कुठे ना कुठे खुराडी जळतात. म्हणजे ऊब नको, स्वेटर नको, दिवा नको. कोंबडीला थंडीत आपल्याकडून हवं असतं एकच: पाणी. आणि नेमकं तेच देणं अवघड होऊन बसतं.

एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर किंवा थोडं जास्त पाणी पिते. वजनाने दाण्याच्या दुप्पट म्हणायला हरकत नाही. अंड्याचा तीनचतुर्थांश भाग पाणीच असतो, त्यामुळे पाणी थांबलं की अंडं थांबतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी नसेल तर ती दाणे खाणं सोडते, आणि थंडीत तिची शेगडी चालते ती दाण्यांवर. संध्याकाळी भरपेट मका खाऊन चढलेली कोंबडी रात्रभर तो पचवत ऊब तयार करते. तेव्हा पाणी हे त्या शेगडीचं अर्धं इंधन. शिवाय तिला आपल्यासारखं ओढून पिता येत नाही. ती चोच बुडवते, चोचभर पाणी उचलते, मान वर करते आणि पाणी आपसूक घशात उतरू देते. तीर्थ घेतल्यासारखं. हे तीर्थ घ्यायला निदान चोच बुडेल एवढं पाणी पातळ असावं लागतं.

आता पाण्याचा स्वभाव बघा. ते सर्वांत जड असतं चार अंशांना. त्याखाली गेलं की हलकं होऊन वर येतं, आणि बर्फ धरतो तो वरून. तळ्यातल्या माशांच्या दृष्टीने ही व्यवस्था अप्रतिम आहे; वर झाकण, खाली चार अंशांचं निवांत घर. कोंबडीच्या दृष्टीने तेच पाणी नेमकं तिथे बंद होतं जिथे तिची चोच जाते. खाली भांडंभर पाणी आणि वर ती टकटक करत उभी. खोल बादली उशिरा गोठते, पसरट भांडं लवकर. आणि कोंबड्यांना लागतं पसरट. थेंब थेंब देणारी तोटी लावली तर हनुवटीखालच्या लाल पाळ्या कोरड्या राहतात, त्या गोठायची भीती कमी. पण सगळ्यात आधी गोठते ती तोटीच. कुठूनही जा, शेवटी एका दारात अडकायचंच.

माझा नवरा अशा अडचणींनी उल्हसित होतो. हवामानखात्याचा इशारा आल्यापासून तो टेबलावर कागद पसरून बसला. पहिली योजना मिठाच्या बाटलीची. छोट्या बाटलीत खारं पाणी भरून, घट्ट झाकण लावून ती कोंबड्यांच्या भांड्यात तरंगत सोडायची. मीठ बाटलीतच राहतं, पाणी खारट होत नाही. बाटली हलत राहिली की भोवतीचा पापुद्रा मोडतो असं म्हणतात, आणि शून्याच्या जरा खाली, वारा असेल तेव्हा, ते थोडंफार खरंही आहे. मिठाने संपृक्त पाणी उणे २१ अंशांपर्यंत गोठत नाही. फॅरेनहाइटसाहेबांनी १८व्या शतकात आपल्या मापाचं शून्य ठरवलं तेही बर्फ आणि क्षाराच्या अशाच एका मिश्रणावरून. त्यामुळे सकाळी आम्हाला दिसलं ते असं, की बाटलीतलं पाणी मजेत डुचमळत होतं आणि बाटलीच्या भोवतीचं पाणी दगड झालं होतं. विज्ञान बरोबर होतं. ते फक्त बाटलीच्या आत होतं.

दुसरी योजना बिस्किटांच्या डब्याची. पत्र्याच्या गोल डब्याला भोक पाडायचं, आत चाळीस वॅटचा बल्ब बसवायचा, डबा उपडा करून त्यावर पाण्याचं भांडं ठेवायचं. बल्बच्या धगीने पाणी गोठत नाही. अमेरिकन कोंबडीवाल्यांची ही पिढ्यान्‌पिढ्यांची युक्ती आहे आणि साध्या दिवसांत ती चांगली चालते. आमच्या घरात डबा होता, निळा, पण त्यात अर्थातच सुया, दोरे आणि कुठल्याही कपड्याला न जुळणारी बटणं होती. ती काढून ठेवायला दुसरा डबा शोधण्यात तासभर गेला. मग लक्षात आलं की घरातले सगळे बल्ब एलईडीचे. एलईडीचा मोठेपणा हाच की तो उजेड देतो आणि तापत नाही. जुना बल्ब विजेतला बहुतेक भाग उष्णतेत उधळतो म्हणून आपण त्याला घरातून हाकललं, आणि आता तोच अवगुण शोधत नवरा गावभर हिंडत होता. दुकानांत तोवर पाव, अंडी आणि विजेऱ्या संपल्या होत्या. बल्ब कोण विचारतो?

तिसऱ्या योजनेत पाण्याऐवजी वादच गरम झाला. नवऱ्याचं म्हणणं, गरम पाणी ओतू नये, कारण ते गार पाण्यापेक्षा लवकर गोठतं. ही कल्पना अगदीच हवेतली नाही. १९६३ साली टांझानियात एरास्टो म्पेम्बा नावाच्या शाळकरी मुलाला आईस्क्रीम करताना दिसलं की गरम मिश्रण आधी गोठलं. वर्गात त्याचं हसं झालं. पुढे भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकाबरोबर १९६९मध्ये त्याचा शोधनिबंध छापून आला. तो परिणाम खरा की मोजण्यातली गफलत, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. भांडोत. मी म्हटलं, पाणी कधी गोठतं हा कोंबडीचा प्रश्नच नाही. ते ओतल्यावर ती पिते कधी, हा आहे.

आणि या प्रश्नाचं उत्तर पलीकडच्या घरातल्या आजीबाईंकडे होतं. त्या उत्तर टेक्सासच्या, अमारिलोकडच्या. तिथे हिवाळा दरवर्षी न चुकता येतो. त्यांनी कुंपणावरून एक काळं, जाड, रबरी भांडं माझ्या हातात दिलं. आपल्याकडे बांधकामावर असतं त्या घमेल्याचं अमेरिकेतलं भावंड. "दोन ठेव," त्या म्हणाल्या. "एक बाहेर, एक आत. बाहेरचं गोठलं की उलटं कर आणि पायाने दाब." रबर वाकतं, फुटत नाही, बर्फाची अख्खी चकती टपकन खाली पडते. प्लास्टिकचं भांडं अशा वेळी तडकतं आणि पत्र्याला ओला हात चिकटतो. रंग काळा असल्याने ऊन असेल तर तेही थोडं कामाला येतं. विजेचं नाव नाही, तारा नाहीत, यंत्र नाही. लागतो तो फक्त बाहेर जाणारा माणूस. नवऱ्याच्या सगळ्या योजनांचा खरा हेतू नेमका तो माणूस वाचवणं हा होता, म्हणून घमेलं पाहून त्याचा चेहरा उतरला.

आजीबाईंनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली आणि माझी अर्धी काळजी तिथेच मिटली. रात्री पाणी ठेवूच नको. कोंबडीला अंधारात धड दिसत नाही. ती एकदा दांडीवर चढली की उजाडेपर्यंत उतरत नाही. ती रात्रभर झोपते आणि आपण रात्रभर तिच्या पाण्याची चिंता करतो. तेव्हा संध्याकाळी त्या चढल्या की घमेलं पालथं घालायचं, सकाळी उतरण्याच्या वेळेला कोमट पाणी घेऊन हजर व्हायचं. दिवसातून मधेमधे एकेक फेरी, आणि मावळायच्या आधी एक पक्की, कारण झोपायला जाण्यापूर्वी त्या आठवणीने पितात.

१५ तारखेला मध्यरात्रीनंतर वीज गेली. टेक्सासचं वीजजाळं देशाच्या बाकीच्या दोन मोठ्या जाळ्यांपासून बरंचसं अलग आहे, त्यामुळे शेजारून मागून घ्यायची सोयही तोकडी. इकडे गॅस आणि वीज बनवणारी यंत्रणा गोठली, तिकडे सगळी घरं एकाच वेळी ऊब मागत होती. पंचेचाळीस लाखांहून जास्त घरं आणि व्यवसाय अंधारात गेले. सगळंच जाळं कोसळायला चार मिनिटं आणि ३७ सेकंद उरली होती, हे नंतर जाहीर झालं. सरकारी मोजणीप्रमाणे त्या वादळात २४६ माणसं गेली. काही तर स्वतःच्या घरात, गारठून. हे सगळं आम्हाला पुढे कळलं. त्या वेळी घरात आठ अंश होते आणि फोनची बॅटरी वाचवायची होती.

आईशी मोजकं बोलणं झालं. तिला परिस्थिती समजायला एक शब्द पुरला: भारनियमन. "मग वेळापत्रक काय आहे?" तिने विचारलं. महाराष्ट्रात बारा बारा तास वीज जायची त्या काळात ती गिरणीपासून विहिरीच्या पंपापर्यंत सगळं वेळापत्रकावर चालवायची. इथे वेळापत्रक नाही म्हटल्यावर ती खरोखर चकित झाली. "अमेरिकेत? आणि जावईबापू काय म्हणतात?" जावईबापू तेव्हा दोन रजया आणि एक सतरंजी पांघरून मिठाच्या बाटलीवर विचार करत होते.

मग ती मूळ मुद्द्यावर आली. निफाडला पारा उतरला की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचं पाणी सोडतात, कारण थंडीत विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. "तुमच्याकडे विहीर नाही ना," तिने अंगणात विहीर न बांधण्याच्या माझ्या निर्णयावर थोडा वेळ मौन पाळलं. "मग कोमट पाणी दे. चिमूटभर हळद टाक. आणि त्या पांढरीच्या तुऱ्याला व्हॅसलीन लाव."

पांढरी म्हणजे आमची लेगहॉर्न. तिचा तुरा मोठा, एका बाजूला झुकलेला, गोठायला अगदी सोयीचा. कॅनडातल्या क्यूबेकमधल्या एका मठातल्या साधूने थंडीसाठीच म्हणून शांतक्लेर नावाची कोंबडीची जात तयार केली. तुरा जवळपास सपाट, पाळ्या नावापुरत्या. साधूच्या हातून कोंबडीसुद्धा अनासक्तच घडली. आमच्या पांढरीला असल्या विरक्तीचं वावडं. तिला पकडून तुऱ्यावर व्हॅसलीन चोळण्याचा कार्यक्रम दोन माणसं, एक टॉवेल आणि भरपूर आरडाओरडा यांच्या साहाय्याने पार पडला. व्हॅसलीनचा उपयोग होतो की नाही यावर कोंबडीवाल्यांत दोन तट आहेत. आमच्या हाताच्या भेगा मात्र त्या निमित्ताने बऱ्या झाल्या.

आमच्याकडे गॅसची शेगडी होती, काडीने पेटणारी, हे नशीब. सकाळी उजाडताना किटली चढवायची. पहिलं आधण चहाचं की कोंबड्यांचं, यावर घरात एकमत नव्हतं. पण चहा पिऊन बाहेर जावंसं वाटत नाही हे लक्षात आल्यावर कोंबड्या पहिल्या आल्या. बर्फावरून खुराड्यापर्यंत जाणं म्हणजे केरसुणीने झाडलेली एक अरुंद वाट. त्यावर पेंढा टाकला होता, कारण आमच्या कोंबड्यांना पांढऱ्या जमिनीवर पाय ठेवणं मान्य नव्हतं. दार उघडलं की त्या उंबऱ्यावर येऊन थबकायच्या, एक पाय उचलायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. या हवामानाला मी जबाबदार आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. मग घमेल्यातून वाफ निघताना दिसली की चौघी एकदम, बर्फबिर्फ विसरून.

त्या पीत असताना मी तिथे उभी राहायचे. खरं तर उभं राहायची गरज नव्हती. पण पाणी पातळ आहे तोवर किती जणी प्यायल्या हे बघायचा नाद लागतो. एक चोच, वर मान. दुसरी चोच, वर मान. एक लिटर पाणी अंगातली सगळी ऊब देऊन शून्यावर आलं तरी लगेच बर्फ होत नाही. बर्फ व्हायला त्याला आणखी बरीच उष्णता टाकावी लागते. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ऐंशी कॅलरी लागतात, आणि तेवढ्यातच ते शून्य अंशाचं पाणी थेट ऐंशी अंशांपर्यंत तापलं असतं. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने १८व्या शतकात शोधून काढलेली ही लपलेली उष्णता मला शाळेत परीक्षेपुरती कळली होती. ती कुणाच्या न्याहारीची मुदत वाढवून देते हे परसात कळलं.

मग नळाचं पाणी गेलं. गावभर पाइप फुटले, दाब उतरला, आणि १७ तारखेला पालिकेने सांगितलं की येईल ते पाणी उकळून प्या. नळाला थेंब नसताना हा सल्ला ऐकायला बरा वाटला. आम्ही पातेल्यात बर्फ भरून वितळवू लागलो. बर्फ दिसतो डोंगराएवढा, पण पातेलंभर वितळवला की तळाशी वाटीभर पाणी. वजा त्यातली पानं आणि एक गोठलेला किडा, जो पांढरीला बक्षीस गेला. हे पाणी आम्ही नीट उकळून, निववून, गाळून कोंबड्यांना दिलं. त्या ते प्यायल्या आणि लगेच पेंढ्याखालच्या चिखलात साचलेलं घाण पाणी चवीने प्यायला गेल्या.

अंडी मधेमधे मिळत राहिली, कारण दिवसांचा उजेड वाढायला लागला होता आणि कोंबडी थंडीपेक्षा उजेडाचं जास्त ऐकते. पण उचलायला उशीर झाला की अंडं गोठून उभं तडकायचं. गोठलेल्या अंड्याचा पिवळा पुन्हा पातळ होत नाही, चिकट गोळा राहतो. त्याची भुर्जी कशी लागते असं आईने विचारलं, मी सांगितलं, तिने विषय बदलला. कोंबडी आणि थंडी यांच्या संगमातून निघालेली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट फ्रान्सिस बेकनची. बर्फाने मांस टिकतं का हे बघायला त्याने म्हणे लंडनजवळच्या हायगेटला मेलेल्या कोंबडीत बर्फ भरला, त्याला थंडी बाधली आणि १६२६च्या एप्रिलमध्ये तो वारला. ही कथा जॉन ऑब्रेने लिहून ठेवली आहे आणि इतिहासकार तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवत नाहीत. मी ठेवते. कोंबड्यांपायी बर्फात हात घालून ज्याने थोडा वेळ काढला आहे, त्याला ती पटते.

आठवडाभरात ऊन आलं आणि काही घडलंच नाही अशा थाटात २० अंशांच्या वर गेलं. चौघी सुखरूप. पांढरीच्या तुऱ्याचं एक टोक काळं पडून गळलं. त्याने तिच्या तोऱ्यात फरक पडला नाही. मार्चमध्ये दुकानांत पाणी गरम ठेवणारे विजेचे पाट ओळीने मांडून ठेवलेले दिसले. नवऱ्याने एक घेतला. तो अजून खोक्यात आहे.

कारण ऑगस्ट आला. ३९ अंश. कोंबडीला घाम येत नाही; पिसांचं तेच पांघरूण आता तिला काढून ठेवता येत नाही. ती पंख अंगापासून लांब धरते, चोच उघडी ठेवून धापा टाकते. थंडीने जेवढ्या कोंबड्या दगावतात त्याहून कितीतरी जास्त उकाड्याने दगावतात. पाणी गरम झालं की त्या पीतही नाहीत. तेव्हा आमच्या फ्रीझरमध्ये आता मटारच्या शेजारी पाण्याने भरलेल्या बाटल्या असतात, आणि दुपारी मी त्यातली एक काढून त्याच काळ्या घमेल्यात सोडते. नवऱ्याने साध्या पाण्याऐवजी खारं पाणी भरून बघूया असं सुचवलं. मी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली.

परवा आईला व्हिडिओवर हे दाखवत होते. घमेल्यात बर्फ तरंगतोय, चौघी भोवती. ती बराच वेळ बघत राहिली.

"अगं, एवढं गार पाणी? घसा धरेल त्यांचा," ती म्हणाली. "जरा कोमट करून दे."